जन्मतारखेचा रकाना

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम बघणारी मृणाल सांगलीकडची. नोकरीसाठी इथं कन्नड मुलखात आली, शहराच्या कडेला बोगादीत फ्लॅट घेतला, दिवसभर कॉम्प्युटरपुढं असते. तिचा फोन आला, "काकू, तुमच्या शाळेवर लिहा ना. मराठी जसं येईल तसं लिहा, मी सुधारून घेईन." हे 'सुधारून घेईन' मला झोंबलं. आमचे पूर्वज इथल्या महाराजांच्या फौजेत आले, त्याला किती पिढ्या झाल्या कुणाला ठाऊक, पण घरात आम्ही अजून मराठीच बोलतो. त्यात कन्नड येतं, ते येणारच. जन्मभर शिकवलं कन्नडात, भाजी घेतली कन्नडात, भांडलेही कन्नडात. भांडायला ती भाषा फार बरी. मी मृणालला म्हटलं, सुधार बाई, पण माझ्या जगलीचा व्हरांडा करू नकोस. जगली म्हणजे दारापुढचा, छपराखालचा कट्टा. आमच्या शाळेत पाचवी तिथंच बसायची, म्हणून सांगितलं.

शाळा बोगादीच्याही पुढं. गावाचं नाव सांगत नाही, का ते पुढं कळेल. आज तिथं प्लॉट पडलेत, रंगवलेले दगड रोवलेत आणि लग्नाचा हॉल झालाय. मी गेले तेव्हा बस फाट्यावर सोडायची आणि तिथून अर्धा तास चालायचं. दोन्ही अंगांना रागीची, म्हणजे नाचणीची, शेतं, मध्ये बोडका माळ आणि माळाच्या मधोमध एका खोलीची शाळा. पहिल्या दिवशी मी तिथं उभी राहून रडले होते. वय चोवीस, नवी साडी, नव्या चपला, आणि हे काय माझ्या नशिबी, असं झालं. आता त्याच खोलीसाठी रडू येतं. माणसाचं काही खरं नाही.

तिचा इतिहास मी म्हाताऱ्यांकडून गोळा केला होता. आधी शाळा देवळाच्या कट्ट्यावर भरायची. पाऊस आला की सुट्टी, जत्रा आली की सुट्टी. मग गावानं ठरवलं, आपण बांधू. दगड ओढ्यातले, माती तळ्यातली, कौलं कुणाच्या तरी पडलेल्या घराची आणि दार एका बंद पडलेल्या गुऱ्हाळाचं. ते दार इतकं रुंद की उसाची गाडी आत यावी. शाळा गावात न बांधता माळावर का, तर गावात तीन गल्ल्या आणि तिघींची तीन मतं. कुणाच्याच गल्लीत नको म्हणून माळावर. मोठ्यांचं भांडण मिटलं आणि पोरांच्या पायांना काम लागलं.

एक शिक्षक आणि पाच वर्ग हे कसं जमतं, असं लोक मला अजून विचारतात. सोपं आहे. खोलीला भिंती चार, तेव्हा चार भिंतींना चार फळे. पहिली पूर्वेला तोंड करून, दुसरी दक्षिणेला, तिसरी पश्चिमेला आणि चौथी उत्तरेला, दाराच्या बाजूला. सगळ्यांच्या पाठी एकमेकांना, मध्ये मी. पाचवीचा वर्ग नंतर आला तेव्हा भिंत शिल्लक नव्हती, म्हणून पाचवी दाराबाहेर जगलीत. पोर पूर्वेपासून सुरू करायचं आणि दर वर्षी एकेक भिंत वळत दाराशी पोचायचं, मग दाराबाहेर, आणि मग गेलंच. आमच्याकडं पास झाला असं कुणी म्हणत नसे, 'वळला' म्हणत. आया विचारायच्या, "मिस, आमचा वळला का?"

तिसरीला गणितं घालून द्यायची, ती करेपर्यंत दुसरीचा धडा वाचायचा, तेवढ्यात चौथीतली दोन पोरं पहिलीला अक्षरं गिरवायला लावायची. बाहेर पाचवी निबंध लिहितेय की चिंचा खातेय हे कानांनी ओळखायचं. चिंचा खाणारा वर्ग जास्त शांत असतो. एकदा नवे तपासनीस आले. दारात उभं राहून त्यांनी चहूकडं पाठीच पाठी पाहिल्या आणि विचारलं, "चौथी कुठं आहे?" मी म्हटलं, "उत्तरेला, सर." त्यांना वाटलं उद्धटपणा करतेय. वहीत तसं लिहूनही गेले. लिहू देत. अकराच्या सुमाराला एखाद्या दिवशी असं व्हायचं की पाचही वर्ग आपापल्या कामात बुडालेले असायचे आणि कुणालाच माझी गरज नसायची. मी मध्ये उभी, हातात खडू, आणि चारी बाजूंनी नुसती पाट्यांवरची खरखर. ते दोन-चार मिनिटांचं सुख मला पुढं कुठंच मिळालं नाही, ना लेकाच्या लग्नात, ना नातवंडांत. असं लिहू नये, पण खरं आहे.

आता दाखल-रजिस्टरबद्दल. बाहेरच्याला वाटतं ती एक जाडजूड वही. तसं नाही. त्या काळी बाळंतपणं घरात व्हायची, जन्माचा दाखला कुणाकडं नसायचा. बाप पोराला घेऊन यायचा आणि सांगायचा, "तळं फुटलं त्या साली झाला." मग आम्ही शिक्षक काय करायचो? पोराला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगायचं. बोटं कानाला पोचली की पोर शाळेच्या वयाचं. आणि तारीख? शाळा उघडते जूनमध्ये, तेव्हा लिहा एक जून. साल अंदाजानं. माझ्या रजिस्टरात जवळजवळ अख्खं गाव एक जूनला जन्मलंय. आम्ही हसायचो त्यावर. पण एकदा त्या रकान्यात शाई पडली की तीच त्या माणसाची जन्मतारीख, मरेपर्यंत. नोकरी, रेशन, लग्न, पेन्शन, सगळं तिथून. ब्रह्मदेवाचं काम आम्ही बोटभर शाईनं करायचो आणि घरी जाऊन जेवायचो.

एका जूनमध्ये माझ्या पटावर नऊच मुलं राहिली. वरून कागद आला होता की दहाच्या खाली पट गेला तर शाळा शेजारच्या मोठ्या शाळेत मिसळायची. शेजारची शाळा म्हणजे मोठा रस्ता ओलांडून चार किलोमीटर. माझ्या नऊतली निम्मी तिथं गेलीच नसती, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर मलाही ती खोली सोडायची नव्हती. मी दारोदार फिरले. दहावं मूल गावात नव्हतं. होती ती मादेगौडांची रत्ना, चार वर्षांची.

मादेगौडा मोठ्या मनाचा माणूस. जमीन थोडी, बोलणं त्याहून थोडं. मी म्हटलं, "गौड्रे, पोरीला पाठवा." ते म्हणाले, "मिस, अजून दूध पिते ती." मी म्हटलं, पर्वागिल्ल, चालेल, माझ्याजवळ बसेल. दुसऱ्या दिवशी ते तिला घेऊन आले. मी कायद्यानं कानाची परीक्षा घेतली. बोटं डोक्याच्या मध्यावरच संपली. मी तिला म्हटलं, "मान वाकडी कर, पुट्टी, छकुले. अजून. अजून थोडी." मान खांद्याला टेकली आणि बोटं कानाला लागली. सगळी पोरं हसली, तीही हसली. मी रकान्यात एक जून लिहिलं आणि साल असं लिहिलं की ती सहा वर्षांची झाली. पाचची लिहिली असती तरी चाललं असतं, पण एवढीशी पोर पाहून कुणी शंका घेईल म्हणून एक वर्ष वरून घातलं. भीतीनं माणूस खोटंही जरा जास्तच बोलतो. शाळा वाचली.

रत्ना दुपारी पेंगायची. तिला मांडीवर घेऊन मी तिसरीला भागाकार शिकवलाय. वर्षअखेर तिला अक्षरं येत होती, पण खडू धरला की हात थरथरायचा. मी तिला पूर्वेलाच ठेवलं, दुसऱ्या वर्षीही पहिलीत. तिच्या भल्यासाठी, असं मी स्वतःला सांगितलं. पट एक वर्ष जास्त टिकतो, हे मनात नव्हतं असं नाही. पुढं मात्र ती जी सुटली ती थांबली नाही. दुसरीत बसून तिसरीचं ऐकायची. तिसरीत असताना तिची पाठ चौथीकडं आणि कान पाचवीकडं. एका खोलीच्या शाळेचा हाच फायदा, हुशार पोराला कुणी अडवू शकत नाही. पाचवीत ती जगलीच्या टोकाला पाय सोडून बसायची आणि माझ्या आधी आतल्या चौथीच्या चुका ओरडून सांगायची. मी रागवायचे. मनात म्हणायचे, ही पोर कुठल्या कुठं जाईल.

त्या वर्षी सरकारी वसतिशाळेची परीक्षा होती. सहावीपासून राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं तिथंच. मी तिला सुट्टीच्या दिवशीही बोलावून शिकवलं. निकाल लागला, यादीत तिचं नाव होतं. मादेगौडा माझ्या घरी आले, पायरीवर बसले. मग म्हणाले, "मिस, आमच्या घरात पहिलीच." मी त्यांना कॉफी दिली. ती त्यांनी गार होईपर्यंत हातात धरून ठेवली.

कागद दाखवायच्या दिवशी आम्ही तिघं तालुक्याच्या कचेरीत गेलो. रत्नानं वेण्यांत अबोली माळली होती. बापलेक बाहेर झाडाखाली थांबली, कागद घेऊन मी आत गेले. कारकुनानं दाखला वाचला, बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. म्हणाला, "एक जूनला बारा पूर्ण होतात, मेडम. बाराच्या आतली हवी." एका दिवसानं. मी दोन जून लिहिलं असतं तरी पोर आत गेली असती. आणि खरं वय लिहिलं असतं तर दहाची होती ती, दहाची.

कारकून चांगला माणूस होता. त्यानं माझा चेहरा पाहिला असणार. हळूच म्हणाला, "नोंदीत काही चूक असेल तर मुख्याध्यापकांचं पत्र द्या, 'माझ्याकडून चूक झाली' असं. साहेब आज पाचपर्यंत आहेत, बघतील." मुख्याध्यापक मीच होते. कागद माझ्या पर्समध्ये होता, पेन होतं. मी तिथल्या बाकावर बसले. हिशेब सरळ होता. हे पत्र दिलं की चौकशी लागणार, रजिस्टर उघडणार, आणि एकट्या रत्नाचीच नोंद नव्हे, सगळी पानं उलटली जाणार. माझी नोकरी जाईल, ती गेली असती तर गेली असती, असं आज म्हणणं सोपं आहे. पण शाळा जाईल, माळावरची ती खोली बंद होईल, आणि उरलेली सगळी पोरं रस्त्यापलीकडं जायची ती शेतात जातील. एकीकडं रत्ना, दुसरीकडं शाळा. मी किती वेळ बसले माहीत नाही. मग उठले आणि बाहेर गेले.

मादेगौडा उभे राहिले. मी म्हटलं, "जागा भरल्या, गौड्रे."

ते म्हणाले, "आयतु, मिस, असू दे. तुम्ही एवढं केलंत, तेच खूप." परतीच्या बसमध्ये रत्ना माझ्या शेजारी बसली आणि खिडकीतून दिसणाऱ्या दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत राहिली. रोज वाचायची तशीच. मला वाटलं, हिला गप्प करावं. केलं नाही.

ती पुढं शिकली नाही. रस्त्यापलीकडच्या शाळेत दोन महिने गेली, मग बापाचा पाय मोडला आणि घरात हात कमी पडला. सतराव्या-अठराव्या वर्षी लग्न झालं. आता बेळगोळच्या बाजूला एका कारखान्यात शिलाईवर आहे, तीस मुलींवर देखरेख करते. तिची लेक सातवीत आहे. आणि जी शाळा मी अशी वाचवली, ती पुढं सात वर्षांनी बंद पडली. वरून कागद आला म्हणून नव्हे. शहरातल्या शाळांच्या पिवळ्या गाड्या गावात येऊ लागल्या आणि एकेक घर आपलं पोर त्यात बसवू लागलं. शेवटच्या वर्षी पटावर तिघं होती. तीन भिंतींना तीन पोरं. मी मध्ये उभी राहायचे आणि कुणाकडं पाठ करू, हा प्रश्न पडायचा. कुलूप लावलं त्या दिवशी किल्ली पुढं मोठ्या शाळेत जमा केली आणि घरी येऊन भात लावला.

बदली होऊन मी शहराजवळच्या शाळेत गेले. तिथं प्रत्येक वर्गाला वेगळी खोली, दाराला दार. निवृत्तही तिथूनच झाले. निरोपाला शाल मिळाली. पण स्वप्नात शाळा येते ती माळावरचीच, आणि त्यात मी कुठल्यातरी वर्गाकडं वळायचं विसरलेली असते.

रत्ना मला वर्षातून दोनदा भेटायला येते. येते आणि सांगते, "मिस, तुम्ही माझ्यासाठी तालुक्याला आलात, दिवसभर उपाशी राहिलात. माझ्या लेकीला मी सांगते." दर वेळी हेच. दर वेळी मी तिला जेवायला वाढते आणि विषय बदलते. हे जे वर लिहिलंय ते आजवर मी कुणाला सांगितलं नाही, ह्यांनाही नाही. मग इथं का लिहिलं? कारण हा अंक मराठी आहे. रत्नाला मराठी येत नाही. अडीचशे-तीनशे घरांत हा अंक जाईल, सगळी वाचतील, आणि जिनं वाचायला हवं ती वाचू शकणार नाही. भित्र्या माणसाला कबुली द्यायला याहून सुरक्षित जागा सापडायची नाही.

इथं मी लेख संपवला होता. पानं टेबलावर ठेवून मृणालची वाट बघत होते. त्याच दुपारी दार वाजलं आणि रत्ना आत आली. कारखान्याला सुट्टी होती. तिला पानं दिसली.

"काय लिहिताय, मिस?"

"शाळेवर. आमच्या मंडळाच्या पुस्तकात."

"मी आहे का त्यात?"

मी हो म्हटलं. नाही म्हणता आलं असतं. ती खाली बसली, भिंतीला टेकून, पाय पसरून. "वाचा की मग. कन्नडात सांगा."

मी सांगू लागले. भिंती सांगितल्या, दार सांगितलं. तपासनिसांच्या गोष्टीला ती पोट धरून हसली. मग मान वाकडी करण्यापाशी आले. तिथून मी वर पाहिलं नाही. एकेक ओळ मराठीत वाचत होते आणि कन्नडात सांगत होते. एक शब्द गाळला नाही. 'जागा भरल्या' हे सांगून झाल्यावर मी पान खाली ठेवलं.

"म्हणजे मी तेव्हा दहाची होते," रत्ना म्हणाली.

"हो."

"बसले असते मी त्यात."

"बसली असतीस."

ती रडली नाही. मला वाटत होतं तिनं रडावं, ओरडावं, निदान मला एक शिवी द्यावी. तिनं पदरानं कपाळ पुसलं आणि विचारलं, "अप्पांना माहीत होतं?"

"नाही. तुझे अप्पा गेले तेव्हाही सांगितलं नाही मी."

"बरं झालं," ती म्हणाली. ते कुणासाठी बरं, ते तिनं सांगितलं नाही. मग ती उठली, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायली आणि परत येऊन टेबलाशी उभी राहिली. "मिस, हे कन्नडात लिहून द्या मला. सगळं नको. एवढंच की चूक तुमची होती, माझी नव्हती. खाली सही करा."

"कशाला गं?"

"मला वाटायचं मी कमी पडले. एवढी वर्षं. पेपरात काहीतरी चुकलं असेल माझं, म्हणून जागा दुसऱ्याला गेली. लेकीला शिकवायला बसते तेव्हा तेच मनात येतं, की आपल्याला कुठं येत होतं. लिहून द्या."

मी एवढं कधी मनात आणलंच नव्हतं. शाळा, नोकरी, चौकशी, सगळ्याचा विचार केला होता. पोर स्वतःलाच ढ समजत मोठी झाली असेल, हे नाही.

मी कोरा कागद घेतला. किती दाखले लिहिलेत या हातानं. 'मी खाली सही करणारी' अशी सुरुवात केली. विद्यार्थिनीचं नाव लिहिलं, बापाचं लिहिलं. 'हिच्या जन्मतारखेची नोंद माझ्याकडून खोटी केली गेली, खरी तारीख' इथपर्यंत आले आणि थांबले. रत्ना खांद्यावरून बघत होती.

"लिहा ना," ती म्हणाली. "खरी कुठली?"

वर सगळं लिहिताना एक गोष्ट मी गाळली होती. ती लिहिण्यासारखी आहे असं वाटलंच नव्हतं. दाखल करायच्या दिवशी मादेगौडा एकटे आले नव्हते. रत्नाची आई बरोबर होती. पदर डोक्यावर घेऊन त्या मोठ्या दाराशी उभी होती. मी रकान्यापाशी आले तेव्हा ती एक पाऊल आत आली आणि काहीतरी सांगू लागली, कुठला वार, कुठल्या सणानंतरचा कितवा दिवस. मी मान वर न करता हात केला आणि म्हटलं, साकु अम्मा, पुरे, मी लिहिते. ती पुन्हा दाराशी गेली.

ती बाई जाऊन आता नऊ वर्षं झाली. तारीख तिला एकटीलाच ठाऊक होती.